सोनारीचा नाथ आणि उल्मचा पंडित

परंड्याच्या किल्ल्यावरून विजापुरास गेलेल्या मुलूख-मैदान तोफेचे नाव शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असते. ती १५४९ साली अहमदनगरास ओतली गेली, पुढे परंड्यास आली आणि १६३२ साली तेथून विजापूरच्या तटावर जाऊन बसली. सन, शक, ओतणाऱ्या कारागिराचे नाव, वजन, लांबी, सारे काही नोंदलेले आहे. परंतु त्याच परंडा तालुक्यातून, धाराशिव जिल्ह्याच्या त्याच मुलखातून, एक देव पश्चिमेकडे निघून गेला, ह्याची नोंद मात्र कोणत्याही तवारिखेत सापडत नाही. तो देव म्हणजे सोनारीचा भैरवनाथ.

सोनारी हे गाव भैरवनाथाचे आणि माकडांचे. देवळाच्या आवारात माकडे निर्धास्त हिंडतात. त्यांना कोणी हात लावीत नाही. चैत्रात यात्रा भरते. नाथ काशीहून येथे आला, असे भाविक सांगतात. त्याची अर्धांगी जोगेश्वरी. आता ह्या गावापासून सरळ पश्चिमेस सुमारे नव्वद मैलांवर, नीरा नदीच्या खोऱ्यात, पुरंदर तालुक्यात वीर म्हणून गाव आहे. तेथल्या देवास म्हस्कोबा म्हणतात, श्रीनाथ म्हस्कोबा असेही म्हणतात. माघी पौर्णिमेस त्याचे जोगूबाईशी लग्न लागते, पुढे दहा दिवस यात्रा चालते, धनगर गजीनृत्य करतात आणि पुढच्या सालाच्या पाऊसपाण्याची भाकणूक सांगितली जाते. हा म्हस्कोबा मूळचा कोठला, असे वीरच्या माणसास विचारावे, तर उत्तर ठरलेले: सोनारीचा. कमळाजी नावाचा धनगर सोनारीच्या नाथाची भक्ती करीत असे. त्याच्या भक्तीसाठी देव वीरास आला.

असल्या कथा महाराष्ट्रात गावोगाव आहेत. भक्त म्हातारा झाला, वारी झेपेना, तेव्हा देवच त्याच्या मागोमाग निघाला, ही गोष्ट किती देवस्थानांविषयी सांगितली जाते ह्याची गणतीच नाही. सुशिक्षित माणूस ती ऐकतो, किंचित हसतो आणि भाविकांची भोळी समजूत म्हणून सोडून देतो. इतिहासकारांनीही बहुधा हेच केले. त्यांचेही चुकले असे म्हणवत नाही. ज्यास कागद नाही, ताम्रपट नाही, त्यास पुराव्यात धरावे कसे? ह्या प्रश्नास उत्तर शोधण्यात ज्याने आपले आयुष्य घालविले, तो मनुष्य मराठी नव्हता, हिंदुस्थानीही नव्हता. त्याचे नाव गुंथर सोंथायमर.

सोंथायमर ह्यांचा जन्म १९३४ साली जर्मनीत, डॅन्यूब नदीच्या काठच्या उल्म शहरात झाला. आइन्स्टाइन जन्मले ते हेच गाव. तेथील प्रार्थनामंदिराचा मनोरा पाचशे तीस फूट उंच असून आताआतापर्यंत साऱ्या जगात त्याच्या तोडीचा मनोरा दुसऱ्या कोणत्या प्रार्थनामंदिरास नव्हता. १९४४ च्या डिसेंबरात विमानांच्या बाँबफेकीत उल्मचे जुने गाव जळून गेले. मनोरा तेवढा उभा राहिला. त्या वेळी सोंथायमर दहा वर्षांचे होते. ह्याच उल्मच्या पाठीशी चुनखडीच्या डोंगराचे एक पठार पसरले आहे. जमीन हलकी, पाणी मुरून जाते, गवत आखूड. अशा ठिकाणी जे पिकते तेच तेथेही पिकत आले, ते म्हणजे मेंढरू. तेथले मेंढपाळ उन्हाळ्यात पठारावर चारीत आणि हिवाळा आला की कळप हाकीत शेकडो मैल सखल, उबदार प्रदेशात उतरत. माणदेशच्या धनगरास हे वर्णन परके वाटणार नाही. ह्या योगायोगास कारण मानण्याचे कारण नाही. पण तो लक्षात ठेवण्याजोगा आहे खास.

शिक्षणाने सोंथायमर कायद्याचे अभ्यासक. हिंदू धर्मशास्त्र हा त्यांचा मूळ विषय, आणि हिंदू एकत्र कुटुंब ही संस्था कायद्याच्या दृष्टीने कशी घडत गेली ह्यावरचा त्यांचा ग्रंथ १९७७ साली निघाला. म्हणजे त्यांची वाट जर्मन पंडितांची नेहमीची वाट होती. मुंबई इलाख्यात त्यांच्या आधी शंभर वर्षे ब्यूलर साहेब होऊन गेले. वेस्ट ह्यांच्यासह त्यांनी हिंदू कायद्याचा संग्रह सिद्ध केला. पुण्यास डेक्कन कॉलेजात कीलहॉर्न होते. त्यांनी पतंजलीचे महाभाष्य शोधून छापले. ह्या मंडळींचे ऋण मोठे आहे. पण त्यांची विद्या पोथीत सुरू होई आणि पोथीत संपे. शास्त्री आणि साहेब समोरासमोर बसत, मधे हस्तलिखित असे. पुण्याच्या वेशीबाहेर मेंढरांचा वाडा उतरला आहे, रात्री ढोल वाजतो आहे, त्या ढोलावर काय गाइले जाते आहे, हे विचारण्यास त्यांच्यापैकी कोणी गेल्याचे दिसत नाही.

सोंथायमर गेले. तरुणपणीच ते पुण्याशी जोडले गेले, मराठी शिकले आणि नुसती ग्रंथांतली नव्हे तर खेड्यांतली मराठी समजू लागले. साठ आणि सत्तरच्या दशकांत ध्वनिमुद्रणाचे यंत्र घेऊन त्यांनी धनगरांच्या ओव्या टिपल्या. ह्या ओव्या म्हणजे ज्ञानेश्वरीची ओवी नव्हे, जात्यावरचीही नव्हे. आरंभी देवाचे सुंबरान मांडावयाचे, सुंबरान म्हणजे स्मरण. मग ढोल-झांजेच्या तालावर कथा गावयाची. मधे थांबून गाइलेला भाग गद्यात उलगडून सांगावयाचा. आणि पुन्हा गावयाचे. अशी एकेक ओवी रात्र रात्र चालते. गाणाऱ्यास अक्षरओळख बहुधा नसे. पण देव कोणत्या नदीतून उतरला, कोणत्या खिंडीतून चढला, कोणत्या माळावर मुक्कामास राहिला, ही नावे त्याच्या तोंडी क्रमवार असत. गाणे ऐकता ऐकता नकाशा पुढे ठेवला, तर बोट कोठेही अडखळू नये.

येथेच त्या कायदेपंडिताची दृष्टी बदलली, असे म्हणण्यास त्यांचा ग्रंथच आधार देतो. १९७६ साली जर्मन भाषेत त्यांचे ‘बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. नावापुढे जोडलेले उपशीर्षक महत्त्वाचे आहे: महाराष्ट्रातील पशुपालक देवतांचा उगम, इतिहास आणि परिसर. देवांच्या ग्रंथात परिसर कशास हवा? ब्यूलर साहेबांस तो लागला नसता. सोंथायमर ह्यांना मात्र पर्जन्य, माती, गवत, वारूळ, मेंढराची जात हे सारे समजून घेतल्यावाचून देव समजेना. वनस्पतिशास्त्र किंवा पशुविद्या ते कोणत्या कॉलेजात शिकलेले नव्हते; निसर्गाचा हा अभ्यास त्यांनी पायपिटीने आणि हौसेने केला.

ह्या परिसराचे गणित सोपे आहे आणि कठोरही आहे. महाबळेश्वरास सालाकाठी दोनशे इंचांहून अधिक पाऊस कोसळतो. तेथून पाऊणशे मैलांच्या आसपास पूर्वेस म्हसवडपाशी तो वीस इंचांवर येतो, आणि एखाद्या साली तेवढाही येत नाही. ह्या कोरड्या पट्ट्यात, माण, खटाव, आटपाडी, जत, सांगोला, तसाच सीना नदीपर्यंतचा पूर्वभाग, येथे काळी दख्खनी मेंढी जगते. कोकणच्या मुसळधार पावसात ती जगत नाही, तिच्या खुरांस रोग लागतो. म्हणून पावसाळ्यात धनगर कोरड्या माळावर राहतो आणि दिवाळीनंतर, माळावरचे कुसळी गवत वाळले की, कळप घेऊन पश्चिमेस निघतो. वाटेत शेतकरी त्याची वाटच पाहत असतो. कापणी झालेल्या रानात मेंढरे बसविली की खत मिळते; बदल्यात तो धान्य देतो. मेंढराची लोकर, लोकरीची घोंगडी, घोंगडीचे धान्य, धान्याचे पुन्हा मेंढरू, असा हा व्यवहार. धनगर आणि कुणबी ह्यांचे भांडणही होते आणि एकमेकांवाचून त्यांचे चालतही नाही.

आता ह्या वाटा नकाशावर काढाव्यात आणि त्यांवर देवांची ठाणी मांडावीत. आरेवाडीचा बिरोबा, हुलजंतीचा महालिंगराया, पट्टणकोडोलीचे विठ्ठल-बीरदेव, म्हसवड आणि खरसुंडी येथील सिद्धनाथ, वीरचा म्हस्कोबा. ठाणी वाटांवर किंवा वाटांच्या टोकांस आहेत. सोनारीहून वीरास आलेला नाथ ह्या मांडणीत एकाएकी स्पष्ट होतो. तो पूर्वेच्या कोरड्या माळावरून नीरेच्या खोऱ्यात आला, कारण त्याचे भक्त तसे आले. ‘देव भक्तामागे आला’ ह्या वाक्यात भोळेपणा कमी आणि इतिवृत्त अधिक आहे. एखादे धनगर कुळ केव्हातरी नव्या चराईच्या शोधात पश्चिमेस सरकले, तेथे स्थिरावले, गावच्या पाटलाशी, गुरवाशी त्याचे नाते जुळले आणि माळावरच्या ठाण्याचे देऊळ झाले. सन सांगता येणार नाही. दिशा, वाट आणि कुळ सांगता येते. ताम्रपटात तरी ह्याहून पुष्कळ अधिक असते असे नाही.

वीरच्या म्हस्कोबाकडे लक्ष वेधणारे सोंथायमर पहिले नव्हेत, हे सांगितले पाहिजे. गणिती दामोदर कोसंबी ह्यांनी १९६२ सालच्या आपल्या इंग्रजी निबंधसंग्रहात ह्या देवाची दखल घेतली होती, आणि गुराख्यांच्या जुन्या वाटांवर अश्मयुगीन गारगोट्यांची हत्यारे सापडतात हेही दाखविले होते. त्यांना कुतूहल होते ते एका कोड्याचे. म्हसोबा म्हणजे महिषासुर, रेडा. देवीने त्याचा वध केला. मग वीरास त्याचेच देवीशी दरसाल लग्न कसे लागते? कोसंबींनी त्यात दोन समाजांचा, दोन उपासनांचा समेट पाहिला. सोंथायमर ह्यांनी तो समेट घडविणारी माणसे शोधली, त्यांच्या पंगतीस बसले आणि त्यांच्याच तोंडून कथा ऐकली. कोसंबींची बुद्धी अधिक तीक्ष्ण, ह्यात शंका नाही. पण कान सोंथायमर ह्यांचा अधिक चांगला होता.

जेजुरीच्या खंडोबाचे उदाहरण अधिक परिचित आहे. खंडोबास दोन बायका. म्हाळसा नेवाशाच्या लिंगायत वाण्याची लेक, घरात राहणारी, विधियुक्त लग्नाची. बाणाई चंदनपुरीच्या धनगराची. तिच्यासाठी देव घर सोडून गेला, तिच्या बापाच्या मेंढरांची चाकरी केली, मेंढरे धुताना आपटून मारली आणि लग्नाचे वचन मिळाल्यावर जिवंत केली. शहरी माणसास ही कथा देवाला न शोभणारी वाटते. सोंथायमर ह्यांनी संस्कृत मल्हारी माहात्म्य आणि वाघ्या-मुरळीची गाणी शेजारी ठेवून वाचली आणि म्हटले, हा संसार एका देवाचा नसून एका मुलखाचा आहे. वन आणि क्षेत्र, म्हणजे मोकळे रान आणि नांगरलेली जमीन, ह्या दोहोंमध्ये मराठी मुलूख उभा आहे. म्हाळसा क्षेत्राची, बाणाई वनाची, आणि देव दोघींचा. ही उपपत्ती वाचताना एक शंका येते, ती अशी की वन आणि क्षेत्र ह्यांमधली रेघ सर्वत्र इतकी स्वच्छ नसावी. शेती करणारे धनगर आहेत आणि मेंढरे राखणारे कुणबीही आहेत. परंतु रेघ काढल्यावाचून दोन्ही बाजू दिसत नाहीत, हेही खरेच.

दगडांकडे त्यांचे लक्ष ह्याच वाटेने गेले. गावाच्या वेशीवर, मारुतीच्या पारापाशी, शेंदराने माखलेले किंवा नुसते आडवे पडलेले कोरीव दगड प्रत्येकाने पाहिले असतील. कित्येक ठिकाणी त्यांवर बायका धुणे धुतात. हे वीरगळ. १९८२ साली सेट्टर आणि सोंथायमर ह्यांनी मिळून स्मारकशिळांवर एक मोठा ग्रंथ संपादित केला. त्यात महाराष्ट्रातील वीरगळ व सतीशिळा ह्यांवर सोंथायमर ह्यांनी लिहिले. वीरगळ खालून वर वाचावयाचा असतो. तळाच्या चौकटीत वीर मरून पडलेला किंवा झुंजणारा; कित्येक दगडांवर त्याच्याजवळ गाई कोरलेल्या, म्हणजे गुरे सोडविताना तो पडला. मधल्या चौकटीत अप्सरा त्यास वर नेत आहेत. वरच्या चौकटीत तो शिवलिंगापुढे हात जोडून बसला आहे. अगदी माथ्यावर चंद्र आणि सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर ह्याची कीर्ती राहो. सतीशिळेवर बहुधा कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात तेवढा उभा असतो.

कलेच्या इतिहासात ह्या दगडांस जागा नव्हती. वेरूळच्या कैलासापुढे गावच्या पाथरवटाचा ओबडधोबड घोडेस्वार कोण पाहणार? सोंथायमर ह्यांनी त्यांच्याकडे शिल्प म्हणूनही पाहिले आणि दप्तर म्हणूनही. राजांच्या लढाया शिलालेखांत आहेत; गाईंसाठी, मेंढरांसाठी, गावच्या शिवेसाठी झालेल्या चकमकी ह्या दगडांतच आहेत. शिवाय त्यांना आणखी एक गोष्ट दिसली. गुरांसाठी मेलेल्या माणसाचा दगड पुढे पुजला जाऊ लागतो, त्यास शेंदूर लागतो, नैवेद्य लागतो, नवस बोलले जातात. दोन-चारशे वर्षांत त्या माणसाचे नाव विसरले जाते आणि देव उरतो. आपल्या कित्येक ग्रामदेवतांचा जन्म असा झाला आहे.

हायडेलबर्ग विद्यापीठाच्या दक्षिण आशिया संस्थेत ते प्राध्यापक होते, पण मन इकडेच असे. रा. चिं. ढेरे ह्यांच्याशी त्यांचा विचारविनिमय चाले. ढेरे ह्यांचा ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ १९८४ साली निघाला, पंढरीच्या विठोबाचे मूळ गवळी-धनगरांच्या देवात शोधणारा तो ग्रंथ आणि सोंथायमर ह्यांचे संशोधन ही एकमेकांना पूरक आहेत. हेनिंग स्टेगम्युलर ह्या छायाचित्रकाराबरोबर त्यांनी पंढरीच्या वारीवर चित्रपट केला. १९८८ साली महाराष्ट्राच्या संस्कृतीवरची आंतरराष्ट्रीय परिषद त्यांनी हायडेलबर्गास भरविली. १९८९ साली त्यांच्या मुख्य ग्रंथाचे ॲन फेल्डहाउस ह्यांनी केलेले इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध झाले, आणि तेरा वर्षे जर्मन भाषेत अडकलेले म्हस्कोबा आणि बिरोबा इंग्रजी वाचणाऱ्या मराठी माणसापर्यंत पोचले. देव आपला, भक्त आपले, आणि त्यांची हकीकत आपणास जर्मनातून इंग्रजीत, इंग्रजीतून मराठीत अशी फिरून कळावी, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

त्याच साली लिहिलेल्या एका निबंधात त्यांनी हिंदू धर्माचे पाच घटक सांगितले: ब्राह्मणांचे कार्य आणि शिकवण, संन्यास आणि वैराग्य, वन्य जमातींचा धर्म, लोकधर्म आणि भक्ती. त्यांचा आग्रह असा, की ह्या पाचांत कोणी वरचा आणि कोणी खालचा नाही. हे एकमेकांत सतत देवघेव करीत आले आहेत आणि त्यांतला एखादा काढून टाकला तर उरलेले समजत नाहीत. सोनारीच्या नाथास हे लावून पाहावे. काशीहून येणे, ही पुराणाची भाषा, नाथ हे नाव योग्यांचे, माळावरचे ठाणे धनगरांचे, जोगेश्वरी गावची, आणि कमळाजीची भक्ती. पाचही एका देवळात नांदत आहेत. काशीची कथा खरी की धनगरांची, असा वाद घालणारे हे विसरतात की त्या देवळात तो वाद कोणी घालीत नाही.

१९९२ साली सोंथायमर वारले. वय अवघे अठ्ठावन्न. मागे ध्वनिफिती, छायाचित्रे आणि अर्धवट राहिलेले लेखन उरले. १९८८ च्या परिषदेतील निबंधांचा संग्रह १९९५ साली, खंडोबावरील त्यांच्या लेखांचा संग्रह १९९७ साली, असा दोन्हींचा प्रकाश त्यांच्या पश्चात झाला. ध्वनिफितींचे काम सर्वांत कठीण. त्यांतली बोली, मधेच ढोलाचा आवाज, मेंढरांचे ओरडणे, गाणाऱ्याने गिळलेली अक्षरे. हे कागदावर कोणी उतरावे? फेल्डहाउस, रामदास अटकर आणि राजाराम झगडे ह्या तिघांनी ते हाती घेतले. बिरोबाची एक आणि धुळोबाची एक अशा दोन संपूर्ण ओव्या इंग्रजी भाषांतरासह २०१४ साली प्रसिद्ध झाल्या. ध्वनिमुद्रणानंतर चाळीस वर्षांहून अधिक काळ लोटला होता.

ह्या चाळीस वर्षांत माळ पालटला. नीरेवर वीर येथेच मोठे धरण झाले, कालवे फिरले, जिरायत रानात ऊस उभा राहिला. जेथे कापणीनंतर मेंढरे बसत, तेथे आता बारमाही पीक असते आणि बांधावर तारेचे कुंपण. पूर्वेकडे उरलेल्या गवताळ रानांपैकी काही माळढोक पक्ष्यासाठी राखली गेली. तेथे पक्ष्याला जागा झाली आणि मेंढराला बंदी. धनगरांची मुले शाळेत गेली, नोकरीस लागली, हे चांगलेच झाले. पण सबंध रात्र ओवी गाणारा म्हातारा आणि ती पाठ करून घेणारा नातू ही जोडी आता क्वचित दिसते. सोंथायमर ह्यांच्या फितींवरचे कित्येक आवाज आता फक्त फितींवरच आहेत.

वीरास माघी पौर्णिमेला लग्न अजून लागते. सोनारीस चैत्रात यात्रा भरते. मधल्या नव्वद मैलांत आता डांबरी रस्ते आहेत, आणि दिवाळीनंतरच्या थंडीत त्या रस्त्यांच्या कडेने, मोटारींचे कर्णे चुकवीत, घोड्यावर बिऱ्हाड लादलेला एखादा वाडा पश्चिमेकडे सरकताना अद्यापि दिसतो.